संगणकाची राखण आणि सहकार्याचे शिक्षण

सायबर सुरक्षा या विषयात विद्यापीठात मुलांना नेमके काय शिकवितात, हा प्रश्न आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कोणाही पालकाला पडावा असाच आहे. १९८३ साली शेगावास अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि यंत्रविद्या आपल्या दाराशी आली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पदवी व पदव्युत्तर वर्गांसाठी या राखणविद्येचा अभ्यासक्रमही प्रसिद्ध केला. खामगावच्या अडत्याची हिशेबपट्टी असो की मेहकरच्या शेतकऱ्याचे अनुदान असो, पैसा आता थैलीतून न येता खात्यातून खात्यात जातो. तेव्हा ही विद्या दोन-चार तज्ज्ञांपुरती आहे असे समजून आपणांस चालावयाचे नाही. तिची अंगे दोन: एक तंत्राचे, दुसरे माणसांनी मिळून काम करण्याचे. आमच्या मते दुसरे अधिक अवघड आहे.

तंत्राचे एक उदाहरण घेऊ. गिरणीत ज्वारी टाकली की पीठ मिळते; पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. नीट बांधलेली संगणकव्यवस्था आपला परवलीचा शब्द जसाच्या तसा साठवीत नाही, त्याचे दळलेले पीठ तेवढे साठविते. पुढच्या खेपेस आपण शब्द टाकला की ती तो पुन्हा दळते आणि दोन्ही पिठे ताडून पाहते. चोराने कोठार फोडलेच तर त्याच्या हाती पीठ लागते, दाणा लागत नाही. पण येथे एक मेख आहे. एकच शब्द त्याच गिरणीत कितीदाही दळला तरी पीठ तंतोतंत तेच निघते. म्हणून चोर मुलांची नावे, जन्मसाल, कुलदैवत असले लक्षावधी सोपे शब्द आधीच दळून त्यांच्या पुड्या बांधून ठेवतो आणि चोरलेल्या पिठाशी पडताळीत बसतो. यावर तोड अशी की, दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या शब्दात निराळी चिमूटभर अक्षरे मिसळावयाची. गंमत म्हणजे इंग्रजी परिभाषेतही या चिमटीला ‘मीठ’ असेच म्हणतात! शिवाय ही गिरणी मुद्दाम मंद ठेवितात. आपला अर्धा क्षण गेला तर काही बिघडत नाही, पण लाखो शब्द दळू पाहणाऱ्या चोराचा जन्म त्यात जातो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाला एवढे समजले की पुढचा मार्ग सोपा होतो. ज्याने आपला परवलीचा शब्द ‘१२३४५६’ ठेविला आहे त्याला मात्र कोणतीही गिरणी वाचवू शकत नाही, हे जाता जाता सांगून ठेवू.

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये मोठा घाला पडला. एटीएम यंत्र पैसे देण्यापूर्वी बँकेच्या मुख्य हिशेबास ‘द्यावे काय?’ असे विचारते. चोरट्यांनी मधल्या वाटेवर खोटा जाबदार बसविला. तोच परभारे ‘द्या’ म्हणून सांगे. प्रश्न मुख्य हिशेबापर्यंत पोहोचतच नसे. ११ ऑगस्टच्या शनिवारी काही तासांत २८ देशांतून, शिवाय आपल्याकडे मुंबई, कोल्हापूर, इंदूर अशा ठिकाणांहून, बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. सोमवारी १३ तारखेस आणखी रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात वळविली गेली. बँकेचे एकूण ९४ कोटी रुपयांवर नुकसान झाले. यात संगणकाची करामत आहेच. पण इतक्या देशांत, ठरल्या वेळी, कार्डे घेऊन यंत्रांपुढे माणसे उभी होती, हे विसरू नये. चोरांचे सहकार्य एवढे पक्के, तर राखणदारांचे कसे असावे?

आमच्या शिक्षणाची अडचण येथेच आहे. शाळेपासून मुलाला आपण एकट्याने लिहावयास शिकवितो. शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे हा तेथे गुन्हा. राखणीच्या कामात मात्र शेजाऱ्याने डोकावलेच पाहिजे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. त्यात कोणाचा अपमान नसतो. तसेच एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने तपासावी, हे प्रयोगशाळेत अंगवळणी पडावे लागते. केंद्र सरकारच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या स्पर्धेत सहा जणांचा संघ लागतो व त्यात निदान एक मुलगी असावी लागते. हा नियम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. राखणविद्येच्या सरावात दोन पक्ष पाडतात. लाल पक्षाने चढाई करावयाची, निळ्याने बचाव. कबड्डीच्या गावांना हे समजावून सांगावयास नको. फक्त रेषा पाळावी लागते: सरावासाठी दिलेल्या यंत्राबाहेर, मालकाच्या परवानगीवाचून, वाईट हेतूने कोणाच्या संगणकात शिरणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रत्यक्ष घाला पडला म्हणजे कामे वाटून घ्यावी लागतात. एकाने बाधित यंत्र जाळ्यातून तोडावे. घाईने बंद मात्र करू नये, कारण त्याच्या तात्पुरत्या स्मृतीतला पुरावा त्याबरोबर पुसला जातो. दुसऱ्याने काय दिसले ते वेळ घालून टिपावे. तिसऱ्याने वरिष्ठांना आणि ग्राहकांना सांगावे. हुशार मुलांना पहिले काम हवे असते, तिसरे कोणालाच नको असते.

आणि सांगण्यावरच सारे अडते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःच पसरत जाणारी एक आज्ञावली सोडली. ती आटोक्याबाहेर गेली आणि हजारो संगणक अडखळले. त्याच्या एका मित्राने त्याच रात्री निनावी इशारा व उपाय लिहून पाठविला. पण वाटेवरचे यंत्रच बंद पडल्यामुळे तो वेळेवर पोहोचला नाही. बर्कली आणि मॅसॅच्युसेट्स येथील मंडळींनी रात्र जागून, एकमेकांना कळवीत, ती आज्ञावली उलगडली. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा प्रसंगांसाठी कायमचे पथक उभे राहिले. भारताचे तसे पथक २००४ पासून काम करीत आहे, आणि घाला ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत त्याला कळवावे, असा निर्देश संस्थांना २०२२ साली दिला गेला.

सहा तास पुष्कळ वाटतात, पण ते लाजेत जातात. ज्याने फसवे पत्र उघडले तो कारकून ‘साहेब रागावतील’ म्हणून गप्प बसतो. घरोघरीही तेच. चिखलीकडच्या एखाद्या घरी वडिलांनी फोनवरच्या भामट्याला ओटीपी सांगितला, तर ते दोन दिवस जेवत नाहीत, पण बोलतही नाहीत. तेवढ्यात रक्कम चार खात्यांतून फिरून काढली जाते. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले तर ती वाटेत अडविली जाण्याचा संभव असतो. अशा वेळी शेगावास किंवा अमरावतीस शिकणाऱ्या मुलाने ‘बाबा, तुम्ही असे कसे केलेत?’ हा प्रश्न बाजूस ठेवावा, ‘किती वाजता, कोणत्या बँकेतून, किती रुपये?’ एवढे विचारून टिपून घ्यावे, आणि फोन लावून वडिलांच्या हाती द्यावा.