जपानी शेवया, हिरव्या भाज्या आणि आपले स्वयंपाकघर

नूडल्स हा शब्द आता मराठी घरांत परका राहिलेला नाही. मुले-नातवंडे तो हक्काने उच्चारतात, हॉटेलात आवडीने खातात आणि घरी तसाच पदार्थ व्हावा असा आग्रह धरतात. जैन कुटुंबात मात्र या आग्रहाबरोबर एक अडचण येते. ज्या ताटात नातू जेवतो, त्याच ताटातले आजीला चालले पाहिजे. ते चालत नसेल तर एकाच घरात दोन चुली होतात, आणि एकदा वेगळी झालेली पंगत पुन्हा एकत्र बसविणे कठीण असते. जपानी पदार्थांबद्दल तर घरातील वडीलधाऱ्यांचा ग्रह पक्का झालेला असतो: तेथे सगळ्यांत मासा असतो. हा ग्रह बराचसा खरा आहे, पण संपूर्ण खरा नाही. त्यातला खरा भाग कोणता, हे समजून घेतले तर उरलेल्या भागातून पंगतीला चालेल असे बरेच काही हाती लागते.

इतिहासापासून आरंभ करणे येथे उपयोगाचे आहे. इसवी सन ६७५ मध्ये जपानचा सम्राट तेन्मु याने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षातील काही महिने बंदी घालणारी आज्ञा काढली. पुढे शतकानुशतके अशा आज्ञा निघत राहिल्या. मांसाहाराला राजमान्यता मिळाली ती १८७२ मध्ये, सम्राट मेइजी याने स्वतः मांस खाल्ल्याचे जाहीर झाले तेव्हा. मासा मात्र या सर्व काळात लोकांच्या आहारात राहिला. बौद्ध मठांतील भोजन तेवढे माशापासूनही मुक्त होते. त्या भोजनाला ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात. ‘शोजिन’ हा शब्द संस्कृत ‘वीर्य’ या शब्दाचा भाषांतरित पर्याय आहे. आपल्या पंचाचारांतील वीर्याचार ज्यांना परिचित आहे, त्यांना या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. दोगेन या झेन आचार्याने १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ हा ग्रंथ लिहिला. भाजी निवडणे, तांदूळ धुणे, पाणी वाया न घालविणे यांना तो साधनेचाच भाग मानतो. या परंपरेत मांस-मासा तर नाहीच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वनस्पतीही वर्ज्य आहेत. बटाटा, मुळा, गाजर मात्र तेथे चालतात. म्हणजे शोजिन भोजन जसेच्या तसे उचलता येत नाही, परंतु अर्धी वाट त्यांनी आधीच करून ठेवलेली आहे.

आता मासा कोठे दडलेला असतो ते पाहू. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाच्या पातळ सारावर उभा आहे. हे सार प्रायः कोंबु ही समुद्री वनस्पती आणि ‘कात्सुओबुशी’ म्हणजे सुकविलेल्या बोनिटो माशाचे काप यांपासून होते. कागावा प्रांतातील प्रसिद्ध सानुकी उदोनला तर सुक्या बारीक माशांचे सार लागते. बाहेरून शाकाहारी दिसणाऱ्या वाडग्यात, पालक आणि शेवयांच्या खाली, हेच सार असते. कोंबुचे काय, असा प्रश्न येथे येईल. शास्त्रात अनंतकायांत शेवाळाचा समावेश असल्याने व्रती घरांत समुद्री शेवाळही घेतले जात नाही. तेव्हा कोंबु, वाकामे आणि नोरी ही तिन्ही बाजूला ठेवणे उचित. शोजिनमध्ये सारासाठी वापरली जाणारी सुकी शिताके अळंबीही आपल्याला उपयोगाची नाही.

बाजारातून जपानी शेवया आणताना आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात. रामेनच्या पिठात अंडे असू शकते आणि त्याच्या सोबतच्या पुडीत मांस वा मासा असण्याचा संभव मोठा. ‘शिराताकी’ नावाच्या पारदर्शक शेवया वजन कमी करू इच्छिणाऱ्यांत प्रिय आहेत. पण त्या कोन्याकु नावाच्या कंदापासून होतात, म्हणजे सरळ कंदमूळ. ‘हारुसामे’ या काचेसारख्या शेवयांत बहुधा बटाट्याचा वा रताळ्याचा स्टार्च असतो. सोबा ही कुट्टूच्या पिठाची शेवई. कुट्टूला चिकटपणा नसल्याने तिच्यात गहू मिसळतात आणि दोन भाग गहू, आठ भाग कुट्टू हे प्रमाण प्रसिद्ध आहे. परंतु काही ठिकाणी गव्हाऐवजी एका कंदाचा कीस बांधणीसाठी घालतात, तो घटकांच्या यादीत पाहावा. आपल्याकडील पाकिटावरचा हिरवा ठिपका एवढेच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. कांदा, लसूण, बटाटा यांबाबत तो मौन पाळतो. जपानमधील पाकिटांवर तर असा ठिपकाच नसतो. तेथे शिकायला वा नोकरीला गेलेल्या मुलामुलींनी ‘कात्सुओ’, ‘निबोशी’ आणि ‘ग्योकाई’ हे तीन शब्द जपानी लिपीत ओळखायला शिकावे. तिन्हींचा अर्थ मासा वा जलचर यांच्याशी जोडलेला आहे.

या सर्व तपासणीतून निर्वेध उतरतात त्या दोन शेवया: उदोन आणि सोमेन. दोन्हींत मुख्यतः गव्हाचे पीठ, मीठ आणि पाणी असते. सोमेन अत्यंत बारीक असते. नारा प्रांतातील मिवा येथे ती हिवाळ्यात हाताने ताणून, दांड्यांवर लोंबकळत ठेवून वाळविली जाते. ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडे उन्हाळ्यात काठीवर टाकलेल्या हातशेवया पाहिल्या आहेत, त्यांना ते दृश्य ओळखीचे वाटेल. खरे म्हणजे घरात हातशेवया असतील तर सोमेन विकत आणण्याची गरजच नाही. दुधात घालण्यापूर्वीच त्यातल्या मूठभर बाजूला काढाव्यात.

उदोन घरी करणे त्याहून सोपे आहे. चौघांसाठी ४०० ग्रॅम पीठ घ्यावे. तीन भाग मैदा आणि एक भाग बारीक चाळलेली कणीक हे मिश्रण चांगले जमते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस मानतात. ती पाळणाऱ्या घरांनी मैदा टाळून घरच्या ताज्या पिठाचा वस्त्रगाळ केलेला बारीक भाग वापरावा. शेवई थोडी तांबूस होईल, चवीत उणे काही येणार नाही. २० ग्रॅम मीठ सुमारे १९० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ते पिठात थोडे थोडे घालावे. पीठ घट्ट, जवळजवळ कोरडे वाटेल. वाटू द्यावे. जपानात ते कापडात गुंडाळून पायांनी तुडवितात. अन्नाला पाय लावणे आपल्या घरांत कोणाला रुचणार नाही, तेव्हा वरवंट्याने वा जड लाटण्याने दाबून, घडी घालून पुन्हा दाबावे. हे दहा मिनिटे केल्यावर ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवावे. अनेक जपानी पाककृती पीठ रात्रभर ठेवायला सांगतात. आपल्याकडे शिळ्या पिठाचा प्रश्न उद्भवतो म्हणून तसे करू नये. दोन तासांनी काम उत्तम होते. मग तीन ते चार मिलिमीटर जाड पोळी लाटावी, पीठ भुरभुरून तिच्या घड्या घालाव्या आणि तेवढ्याच रुंदीचे काप सुरीने करावे. चार लिटर उकळत्या पाण्यात, मीठ न घालता, दहा ते बारा मिनिटे शिजवावे. पिठातले बरेचसे मीठ त्या पाण्यात उतरते, म्हणूनच ते प्रारंभी जास्त वाटले तरी चिंता नसावी. शेवटी गाळलेल्या थंड पाण्यात हलक्या हाताने चोळून धुवावे. ही धुण्याची पायरी टाळली की शेवया एकमेकींना चिकटून गोळा होतो, आणि मग दोष पाककृतीला दिला जातो.

साराचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण चव तेथेच आहे. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबुच्या सारातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. हे ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही भरपूर असते. शोजिन स्वयंपाकी सारासाठी आणखी दोन वस्तू वापरतात आणि त्या आपल्याला अगदी जवळच्या आहेत: भाजलेले सोयाबीन आणि ‘कांप्यो’. कांप्यो म्हणजे दुधीच्या जातीच्या फळाच्या लांब पट्ट्या काढून उन्हात वाळविलेल्या. जपानमधील बहुतेक कांप्यो तोचिगी प्रांतात होते. मराठी घराला दुधी वाळविणे अवघड नाही. ५० ग्रॅम सोयाबीन कोरड्या कढईत साल तांबूस होऊन तडकेपर्यंत भाजावे. त्यात २० ग्रॅम सुक्या दुधीच्या पट्ट्या, दोन पिकलेले टोमॅटो आणि सव्वा लिटर पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवावे व गाळून घ्यावे. मीठ, सुपारीएवढा गूळ आणि चिमूटभर सुंठ एवढे पुरे. जपानी वाडग्यात किसलेले ओले आले असते, त्याची जागा सुंठ घेते. गाळलेल्या दुधीच्या पट्ट्या टाकू नयेत. त्या कापून वाडग्यात घालाव्या.

सोया सॉसबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. तो सोयाबीन आणि गहू यांवर बुरशी वाढवून, मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवून होतो, आणि या क्रियेत अल्प मद्यार्क आपोआप निर्माण होतो. मिसोही बुरशीवरच आंबविलेला असतो, तर ‘मिरिन’ हे उघडच गोड मद्य आहे. अनेक जैन घरांत सोया सॉस सर्रास वापरला जातो, कारण बाटलीवर हिरवा ठिपका असतो. ज्यांना तो वर्ज्य आहे त्यांनी वरील सारावर समाधान मानावे. रंग फिका येईल, पण त्याच वाडग्यातून आजीही खाईल.

हिरव्या भाज्यांत जपानी पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे आणि ती आत्मसात करण्यासारखी आहे. आपण पालेभाजी परतून मऊ करतो, ते तिला उकळत्या पाण्यात जेमतेम एक मिनिट ठेवतात, लगेच थंड पाण्यात टाकतात आणि घट्ट पिळून चार सेंटिमीटरचे तुकडे करतात. रंग गर्द हिरवा राहतो. पालक या रीतीने करून त्यावर ‘गोमा-आए’ घालावे: तीन चमचे पांढरे तीळ भाजून खलबत्त्यात अर्धवट कुटावे, त्यात चमचाभर गूळ व मीठ मिसळावे. मूळ कृतीत सोया सॉस आहे, पण तिळाची चव त्यावाचून अडत नाही. पालकाचे पान न्‌ पान उलटून पाहावे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. फरसबी, मटार, सिमला मिरची आणि काकडी यांचेही उत्तम जमते. फ्लॉवर, ब्रोकोली आणि मोड आलेली कडधान्ये जपानी पाककृतींत वारंवार येतात, ती सोडून द्यावी. चातुर्मासात पालेभाजीऐवजी फरसबी-मटार, आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवे काहीच न घालता केवळ सार, शेवया व तीळ घ्यावे. तिथीलाही हा वाडगा अपुरा वाटत नाही.

ज्यांची मुले जपानात आहेत, त्यांच्यासाठी वेळेचे गणित निराळे आहे. कोबे शहरात मोत्यांच्या व्यापारानिमित्त स्थायिक झालेली जैन कुटुंबे आहेत आणि तेथील कितानो भागात भगवान महावीर स्वामींचे जिनालय १९८५ पासून उभे आहे. तेथे पर्युषणात एकत्र येता येते. पण टोकियोत डिसेंबरच्या आरंभी सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, आणि नोकरी करणाऱ्याला त्यापूर्वी जेवण उरकणे बहुधा अशक्य असते. सुट्टीच्या दिवशी तरी चौविहार साधायचा असेल तर उदोन लाटत बसण्यापेक्षा कोरडी सोमेन जवळ ठेवावी. ती दोन मिनिटांत शिजते. सार त्याच दुपारी करावे, आदल्या रात्री नव्हे.

कुट्टूची सोबा घरी केली तर एक गोष्ट जपानी लोकांकडून घ्यावी. शेवया उकडल्यावर उरलेले दाट पांढरे पाणी ते फेकून देत नाहीत. जेवणाच्या अखेरीस त्यात उरलेले सार मिसळून गरम गरम पितात. त्याला ‘सोबायु’ म्हणतात. पुरणाच्या कटाची आमटी करणाऱ्या घरात त्याचे कौतुक वेगळे सांगावे लागत नाही. उदोनचे पाणी मात्र फार खारट असते, ते पिऊ नये.