तांब्यावर उजेडाची रेघ

घरच्या टेबलावर पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, बनवणारा माणूस व्हिएन्नात जन्मलेल्या दोन निर्वासितांचे देणे लागतो. पाउल आइस्लर १९३६ मध्ये लंडनला आला आणि तारांच्या जंजाळाऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यातून काढलेल्या रेघांवर त्याने रेडिओ चालवला. जोसेफ गर्बर १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचला. पुढे त्याच्या कंपनीचे फोटोप्लॉटर पीसीबीची नक्षी फिल्मवर उजेडाने रेखाटू लागले. कारखान्याला धाडायच्या फाइलला आजही गर्बर फाइलच म्हणतात. फोटोप्लॉटरचे ते काम आता हौशी लोक घरात करतात, आणि मला वाटते, ते फार गंभीरपणे घेण्यासारखे आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा कोरा कॉपर क्लॅड म्हणजे साधारण १.६ मिमी जाडीचा काचतंतू-इपॉक्सीचा पत्रा आणि त्यावर ३५ मायक्रॉन तांबे. नको असलेले तांबे घालवायचे, एवढाच सारा खेळ. ते कोरून काढता येते किंवा विरघळवता येते.

कोरायला ‘३०१८’ नावाने विकले जाणारे छोटे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे, यंत्र लोकप्रिय आहे. ३०० बाय १८० मिमी एवढे त्याचे क्षेत्र. अर्डुइनोवर चालणारी ‘ग्रबल’ ही मोफत प्रणाली त्याच्या मोटारी हलवते. अडचण अशी की बोर्ड कधीच पुरता सपाट नसतो. टोकदार बिट एका कोपऱ्यात खोल घुसतो, तर दुसरीकडे तांब्याला नुसता खरवडतो. यावरचा उपाय मला या साऱ्या उद्योगातला सर्वांत देखणा वाटतो. एक तार तांब्याला आणि दुसरी बिटला जोडायची. बिट हळूहळू खाली येतो, तांब्याला टेकताच सर्किट पूर्ण होते आणि यंत्र तिथली उंची टिपून घेते. अशा ठिकठिकाणच्या उंचींवरून बोर्डाच्या चढउतारांचा नकाशा तयार होतो आणि कोरताना बिट त्याप्रमाणे वरखाली होतो.

तरीही आयसीच्या बारीक पायांमधून ट्रॅक न्यायचा असेल तर कोरण्याची मजल अपुरी पडते. तिथे लेसर. तांब्यावर उजेडाने कडक होणारी निळसर ड्राय फिल्म चिकटवायची, म्हणूनच पिवळ्या दिव्याखाली. बिट फिरवणाऱ्या स्पिंडलच्या जागी ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेसर बसवायचा. ब्लू-रे प्लेयरमध्ये असतो त्याच तरंगलांबीचा. लेसर जिथून फिरतो तिथली फिल्म कडक होते. बाकीची लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम धुण्याचा सोडा घालून केलेल्या द्रावणात निघून जाते. मग फेरिक क्लोराइड उघडे तांबे खाऊन टाकते. यातही एक खोच आहे. वळणावर यंत्राचा वेग मंदावतो, तिथे उजेड जास्त पडतो आणि रेघ फुगते. ग्रबलमध्ये वेगाच्या प्रमाणात लेसरची ताकद कमी करण्याची सोय आहे. ती चालू ठेवायलाच हवी. शेवटी भोके पाडायला स्पिंडल पुन्हा बसतोच. लेसरने रेघ, सीएनसीने भोक, ही जोडी जमली की काम खरे.

आपल्याकडे या विद्येचा एक पत्ता पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, आली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक. फॅब लॅबमध्ये शिकणाऱ्याने स्वतःचा बोर्ड छोट्या मिलिंग यंत्रावर कोरणे हा अभ्यासाचाच भाग असतो. तिथे काचेची धूळ टाळायला बहुधा कागद-फिनॉलिकचा बोर्ड वापरतात. शहाणपणाची निवड.

पैसे वाचवायला मात्र या वाटेने जाऊ नये. चीनमधले कारखाने काही डॉलरांत पाच बोर्ड करून देतात, तेही दोन्ही बाजू जोडणाऱ्या भोकांना आतून तांब्याचा मुलामा देऊन. घरी तो मुलामा जमत नाही; भोकातून तार घालून दोन्हीकडे सोल्डर करावी लागते. घरच्या बोर्डाचा फायदा वेगळा. सकाळी सुचलेले सर्किट संध्याकाळी हातात असते, आणि चुकले तर सुधारलेले दुसरे त्याच रात्री.

करणार असाल तर चष्मा त्या लेसरच्या तरंगलांबीचाच घ्या, ड्रिल करताना मास्क लावा आणि वापरलेले फेरिक क्लोराइड मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेले तांबे नदीतल्या जीवांना विषारी असते. ते प्लॅस्टिकच्या डब्यात साठवा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.