परसातील तळीसाठी खडीचा वाफा

पेडणे आणि डिचोलीकडच्या जुन्या घरांची डागडुजी करताना आपल्यापैकी काही कुटुंबांनी परसात लहानशी तळीही बांधून घेतली आहे. पहिले काही महिने पाणी नितळ असते, कमळ फुलते, मुले मासे पाहत बसतात. मग मे महिना येतो. पाणी हिरवे होते, वास मारू लागते, डास वाढतात, शेजारी कुरकुर करतात. शेवटी तळीत माती लोटून वर फरशी घातली जाते. हे टाळता येते. तळीच्या काठाला खडीचा एक वाफा करून त्यात पाणवनस्पती लावल्या आणि तळीचे पाणी त्यातून सतत फिरवत ठेवले, तर औषधे न घालता पाणी स्वच्छ राहते. हा वाफा कसा करायचा आणि पुढे कसा सांभाळायचा, हे येथे सांगत आहोत.

पाणी हिरवे का होते?

आपल्या गावांतल्या झरीच्या तळ्या वर्षानुवर्षे चांगल्या राहतात, कारण त्यांत एकीकडून पाणी येते आणि दुसरीकडून बाहेर जाते. हरमलला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेले गोड्या पाण्याचे तळेही डोंगरातून पाझरणाऱ्या पाण्यावर जगते. परसातली सिमेंटची तळी मात्र चारी बाजूंनी बंद असते. तिच्यात पडते ते तिच्यातच राहते.

आमचे आयुष्य बँकेत जमा-खर्च लिहिण्यात गेले, म्हणून त्याच भाषेत सांगतो. माशांचे खाद्य, झाडांची पडलेली पाने आणि निर्माल्य ही तळीच्या खात्यातली जमा. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या पाल्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना घातक असतो. खडीवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. नायट्रेट फारसे विषारी नसते, पण ते शेवाळाचे उत्तम खत आहे. खर्चाची बाजू कोरी राहिली की ही शिल्लक शेवाळ खाते आणि पाणी हिरवे होते. वाफ्यातली झाडे हेच नायट्रेट आधी उचलतात आणि शेवाळ उपाशी राहते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. कुळागरात न्हाणीचे आणि मोरीचे पाणी केळी-अळवाकडे सोडण्याची रीत जुनीच आहे. शास्त्रीय अंगाने जर्मनीत केटे झाइडेल या संशोधक बाईंनी 1950च्या दशकात पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ नावाची सांडपाणी-शुद्धीकरणाची पद्धत विकसित केली आहे. आपला वाफा हा त्याच घराण्यातला, पण फक्त तळीच्या पाण्यासाठी. संडासाचे किंवा साबणाचे पाणी त्यात सोडू नये.

मापे

उदाहरणादाखल 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट खोल तळी घेऊ. तिच्यात 120 घनफूट, म्हणजे सुमारे 3,400 लिटर पाणी मावते. पृष्ठभाग 60 चौरस फूट होतो. वाफा त्याच्या पाव भागाएवढा धरावा, म्हणजे 15 चौरस फूट: 5 फूट लांब आणि 3 फूट रुंद. खडीचा थर एक फूट. म्हणजे 15 घनफूट खडी लागेल. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा एक षष्ठांश ब्रासपेक्षाही कमी. पण तिचे वजन सुमारे साडेसहाशे किलो भरते, म्हणून भिंती चिऱ्यांच्या आणि पाया धोपटून घट्ट केलेला हवा.

खडी काळ्या दगडाची घ्यावी. जांभ्याचे तुकडे झिजतात आणि लाल गाळ सोडतात. खडी आणल्यावर भुकटी पूर्ण जाईपर्यंत धुवावी, नाहीतर हीच भुकटी तळाशी बसून वाफा तुंबवते.

बांधणी

1. वाफ्याची भिंत सव्वा फूट उंच ठेवावी आणि त्याची कड तळीच्या पाण्यापेक्षा वर असावी. तळीकडच्या बाजूला खडीच्या माथ्यापेक्षा दीड-दोन इंच खाली पाणी पडायची खाच ठेवावी.

2. आतून शेततळ्याला वापरतात तसले 500 मायक्रॉनचे प्लास्टिकचे अस्तर घालावे. सिमेंटचा गिलावा केला असेल तर पाणी भरून आठवडाभराने ओतावे आणि असे दोन-तीनदा करावे. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि माशांना बाधतो.

3. दीड इंची पीव्हीसी नळी वाफ्याच्या तळाशी लांबीने आडवी टाकावी. दर दोन इंचांवर करवतीने तिला चिरा पाडाव्यात, प्रत्येक चीर नळीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल. चिरा वरच्या बाजूला याव्यात.

4. नळीच्या शेवटच्या टोकाला कोपरा लावून ती खडीच्या वरपर्यंत उभी आणावी आणि तोंडाला झाकण बसवावे. पुढे गाळ काढायचा तो याच तोंडातून. हे तोंड ठेवले नाही, तर तुंबल्यावर सगळी खडी उपसावी लागते.

5. नळीभोवती 20 मिलिमीटरची खडी आणि वर 10 ते 12 मिलिमीटरची खडी भरावी. मध्ये माती किंवा कापड घालू नये.

6. पंप तळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. तो पाणी नळीत ढकलतो, पाणी तळापासून खडीतून वर चढते आणि खाचेतून तळीत पडते. दीड-दोन तासांत सारी तळी एकदा फिरावी, म्हणजे ताशी 2,000 लिटरच्या आसपास. पाणी जितके उंच चढवावे लागते तितका पंप कमी देतो, म्हणून थोडा मोठा घ्यावा. 40 वॉटचा पंप दिवसरात्र चालला तर रोज सुमारे एक युनिट वीज लागते.

कोणती झाडे लावावीत?

कर्दळ, अळू, वेखंड, वाळा, सोनटक्का आणि काठाला पसरणारी ब्राह्मी. मुळांची माती धुऊन रोप थेट खडीत खोवावे. जलपर्णी कधीही आणू नये, ती परसातून ओहोळात आणि तिथून नदीत जाते. पाणकणीसही टाळावे, त्याची मुळे सारी खडी जाम करतात.

खात्यातून काढलेच पाहिजे

वाफा घाण नाहीशी करत नाही. तो ती पाण्यातून उचलून पाल्यात ठेवतो. पाला तिथेच पिकून गळू दिला, तर सारी रक्कम पुन्हा तळीच्या खात्यात जमा होते.

हिशेब पाहा. प्रथिनांचा सुमारे 16 टक्के भाग नायट्रोजन असतो. 30 टक्के प्रथिने असलेले खाद्य रोज 20 ग्रॅम घातले, तर महिन्याला जवळजवळ 29 ग्रॅम नायट्रोजन तळीत येतो. थोडा माशांच्या अंगी लागतो, उरलेला पाण्यात. एक किलो ओल्या पाल्यात ढोबळमानाने 3 ग्रॅम नायट्रोजन असतो. म्हणजे हे सगळे पाल्यावाटे बाहेर काढायचे तर महिन्याला आठ-दहा किलो पाला निघायला हवा. 15 चौरस फुटांचा वाफा तेवढा देणार नाही. काही नायट्रोजन खडीतल्या जिवाणूंमुळे हवेत जातो आणि काही पावसाळ्यात ओसंडणाऱ्या पाण्याबरोबर निघतो, पण त्यावर विसंबू नये. मासे थोडे ठेवावेत आणि दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. कोय मासे फार खातात, ते या आकाराच्या तळीसाठी नाहीत.

दर महिन्याला जुनी पाने कापावीत, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर मोठी छाटणी करावी. कापलेला पाला माडाच्या आळ्यात टाकावा. निर्माल्य तळीत टाकू नये. चवथीला मातीची लहान मूर्तीदेखील या तळीत विसर्जित करू नये, त्यासाठी वेगळी बादली किंवा टाकी ठेवावी.

वीज, पाऊस आणि डास

खडीतल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, म्हणून पंप रात्रीही बंद करू नये. पावसाळ्यात वीज दिवसभर गेली, तर खडीत अडकलेले पाणी कुजते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा वेळी पंप चालू करण्यापूर्वी उभ्या नळीचे झाकण उघडावे, आतले पाणी उपसून झाडांना घालावे, आणि मगच पंप लावावा. ते पाणी तळीत गेले तर मासे मरतात.

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. अंगणातली लाल माती वाहून तळीत येऊ नये म्हणून काठ जमिनीपेक्षा चार इंच उंच ठेवावा आणि जादा पाणी जायला वेगळी वाट द्यावी.

वाफ्यात पाणी खडीच्या माथ्याखाली राहिले, तर तिथे डास अंडी घालू शकत नाहीत. तळीत अळ्या खाणारे मासे सोडावेत. गोव्यातल्या मलेरिया संशोधकांनी यासाठी ‘ॲप्लोकायलस ब्लॉकी’ या आपल्याकडच्याच लहान माशाचा अभ्यास केला आहे. परदेशी गॅम्बुसिया मात्र ओहोळात सोडू नये, तो स्थानिक माशांची पिल्ले खातो.

बंद घरांचे काय?

आपले बरेच सभासद मुंबई-पुण्याला असतात आणि गावचे घर चवथ, जत्रा, मे महिना एवढ्यापुरते उघडते. त्यांनी हे स्पष्ट समजून घ्यावे: रोज एकदा पंपाकडे पाहणारा माणूस गावात नसेल, तर हा वाफा करू नये. पंप बंद पडून चार दिवस कोणाला कळले नाही, तर तळी पूर्वीपेक्षा वाईट होते. शेजारी किंवा भाऊबंद लक्ष द्यायला तयार असतील तर त्यांना पंप आणि झाकण दोन्ही दाखवून ठेवावे. तशी सोय नसेल तर घर बंद करताना तळी कोरडी करून पालथी टाकी-बादली जशी ठेवतो तशी निर्धास्त ठेवावी, मासे आधी कोणाला तरी द्यावेत. पाऊस पडण्यापूर्वी निचऱ्याचे तोंड उघडे आहे ना, हे पाहावे.

ज्यांना करायचे आहे त्यांनी बांधकाम एप्रिलमध्ये आटोपावे आणि पहिल्या पावसाबरोबर रोपे लावावीत. जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दोन-चारच मासे असावेत. चवथीला सगळे घरी येतील तेव्हा झाडे मूळ धरून उभी असतील आणि तळीचा तळ दिसू लागलेला असेल.