रविवारची कॉफी आणि ‘इथे कोणी बसलंय का?’

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, किंवा एसटीत घाट लागला आणि रेंज गेली, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. मधे वाजलेला स्कूटरचा हॉर्न तेवढा काढलाय, बाकी जसं बोलले तसंच आहे.

विषय एकदम साधा. रत्नागिरीत रविवारी सकाळी साडेदहाला गच्च भरलेल्या कॅफेत जायचं, कॉफी आणि ब्रंच घ्यायचं. त्यात समजावण्यासारखं काय, असं वाटेल. थांबा जरा.

गेल्या रविवारी मी आणि माझी मैत्रीण मारुती मंदिरजवळच्या एका कॅफेत गेलो. दारातच आठ-दहा माणसं उभी. आत एका टेबलावर एक काका एकटेच बसलेले, समोर तीन खुर्च्या रिकाम्या. मी विचारलं, “काका, इथे कोणी बसलंय का?” ते म्हणाले, “बसा की.” बसलो. या एवढ्याशा प्रश्नाकडे मी परत येणार आहे, लक्षात ठेवा.

आधी खाण्याचं. ‘ब्रंच’ हा शब्द इंग्लंडात १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने छापून आणला. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्या लोकांनी रविवारी भल्या सकाळी कशाला उठावं, उशिरा उठून नाश्ता आणि जेवण एकत्रच करावं, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे मात्र याच वेळेला खायची पद्धत भल्या पहाटे उठणाऱ्यांची. पहाटे चहा, मग वाडीत शिंपणं-झाडणं, आणि नऊ-दहाच्या सुमाराला न्याहारी. कुणाकडे पेज, कुणाकडे मऊभात, वर मेतकूट, तूप आणि लोणचं. म्हणजे ब्रंच आपल्याला नवीन नाही, त्याची किंमत तेवढी नवीन आहे.

कॅफेत आम्ही घावन मागवलं आणि तिथेच फसलो. पस्तीस मिनिटं! मैत्रीण चिडली, पण आत डोकावल्यावर कारण कळलं: तवा एकच. घावन म्हणजे तांदळाचं पातळ पीठ. आंबोळीसारखं उडीद-मेथी घालून आंबवायचं नाही, पण तवा चांगला तापलेला लागतो. पीठ ओतलं, झाकण ठेवलं, काढलं, परत तेल फिरवलं, की धरा तीन मिनिटं. तासाला वीस घावनं. एका प्लेटीत दोन, म्हणजे तासाला दहाच प्लेटी. आणि बाहेर बसलीयत चाळीस माणसं. वेटरवर ओरडून काही होत नाही हो, तवा मोठा होत नाही. म्हणून गर्दीच्या वेळी एक तर बसल्या बसल्या पहिल्यांदा घावन सांगून टाका, किंवा पोहे घ्या. पोहे पातेलंभर एकदम होतात. दडपे पोहे असतील तर विचारूच नका, त्यांना गॅसवर फक्त फोडणी लागते.

कॉफीचं उलटं. मशीनवरची एस्प्रेसो साधारण नऊ बार दाबाखाली पंचवीस-तीस सेकंदांत उतरते. उडप्याकडची फिल्टर कॉफी त्याहून सोयीची, कारण डिकॉक्शन सकाळीच करून ठेवलेलं असतं, दूध तापवायचा काय तो वेळ. पण माझं मत विचाराल तर रत्नागिरीत कॉफी प्यावी ती जायफळाची. दूध-पाण्यात उकळलेली, साखर जरा जास्त, वर किसलेलं जायफळ. कॉफी चिकमगळूरकडची असली तरी जायफळ आपल्या नारळी-पोफळीच्या बागेतलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ असे जायफळाचे वाणच काढलेत. मेनूकार्डावर ही कॉफी क्वचित दिसते. मागून बघा, एखाद्या ठिकाणी आतल्या मावशी करून देतात.

आता त्या काकांकडे येऊ. कॉफी येईपर्यंत त्यांनी विचारलं, “कुठल्या तुम्ही?” मी गाव सांगितलं. मग, “आडनाव?”

ते प्रेमानेच विचारत होते. कोकणात ओळख काढायची ही पद्धतच आहे, गावावरून आणि आडनावावरून दोन नातेवाईक तरी निघतात. पण माझी मैत्रीण क्षणभर गप्प झाली. नंतर रिक्षात म्हणाली, “तुला हा प्रश्न गप्पांचा वाटतो. आमच्या घरात आडनाव सांगितल्यावर समोरचा कप पुढे सरकवतो की मागे घेतो, हे बघायची सवय आहे.”

हे ऐकल्यावर मी घरी येऊन वाचत बसले. कपबशीचा हा इतिहास याच गावात किती जवळचा आहे, ते बघा. गेल्या शतकात कितीतरी ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या माणसाला चहा मिळायचा तो बाहेर, वेगळ्या कपात किंवा वरून ओतून. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सत्याग्रह केला तो साध्या पाण्यासाठी. रत्नागिरीत तेव्हा सावरकर स्थानबद्ध होते. १९२४ ते १९३७, जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही. त्या काळात इथे सहभोजनं झाली, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उघडलं, आणि १९३३ मध्ये सावरकरांनी एक उपाहारगृहच काढलं. अखिल हिंदू उपाहारगृह. सगळ्या जातींनी शेजारी बसायचं, आणि वाढायला महार समाजातला माणूस. देवळापेक्षा मला हे हॉटेल जास्त धाडसी वाटतं. देवळात नमस्कार करून बाहेर पडता येतं, हॉटेलात मात्र दुसऱ्याच्या हातचं घशाखाली उतरवावं लागतं. अर्थात नावातच ‘हिंदू’ होतं. याच गावात मिरकरवाड्यात मुसलमान मच्छीमारही राहतात, त्यांना त्या नावात जागा नव्हती. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

सगळ्यांसाठी दार उघडलं ते २६ जानेवारी १९५० ला. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन लिहिलंय की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही. १९५५ च्या कायद्याने तर, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, अस्पृश्यतेवरून हॉटेलातली भांडी वापरू न देणं हासुद्धा गुन्हा ठरवला. भांडी! कायदा करणाऱ्यांना कपबशीचं महत्त्व बरोबर ठाऊक होतं.

मैत्रिणीला विचारलं, हे भागात सांगू का? म्हणाली, “सांग, फक्त माझं नाव नको. आणि काकांना व्हिलन करू नकोस, त्यांनी त्यांच्या प्लेटीतली भजी दिली होती मला.” खरंच दिली होती. तिने खाल्लीही.

तर या रविवारी आम्ही परत जातोय. आडनावाऐवजी काकांना त्यांच्या आवडीची कॉफी विचारणार आहे. घावन मात्र बसल्या बसल्या सांगणार.

पुढच्या भागात मिसळ. रस्सा तिखट की मध्यम, ते कळवून ठेवा.