घरी शिकणाऱ्या मुलांच्या हाती लेखणी

मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविण्याचा विचार आता व्यापारी कुटुंबांना अगदीच अपरिचित राहिलेला नाही. कोठे मुलाचा खेळाचा सराव असतो, कोठे त्यागीजनांच्या सान्निध्यातील धर्माध्ययन, तर कोठे मूल शाळेत रमत नाही एवढेच साधे कारण. अशा घरांना गणिताची चिंता फारशी नसते. गल्ल्याजवळ बसणारे मूल बेरीज-वजाबाकी आपोआप शिकते. घोडे अडते ते लेखनापाशी. मग पालक लेखनाचे तयार अभ्यासक्रम शोधू लागतात आणि परदेशी संचांची रंगीत पाने व त्यांच्या किमती पाहून गोंधळून जातात.

वस्तुतः घरी लिहावयास शिकविणे ही जैन परंपरेत नवी गोष्ट नव्हे. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या दिली, ही कथा प्रत्येक पाठशाळेत सांगितली जाते. त्या दोघींचे गुरू त्यांचे पिताच होते. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प या षट्कर्मांच्या क्रमात मसि, म्हणजे शाई, वाणिज्याच्या आधी येते. व्यापाऱ्याच्या घरात मात्र आज वाणिज्य उरले आहे आणि शाई आटली आहे. मालाची मागणी फोनवर बोलून जाते, हिशेब संगणकात पडतो, आणि चार ओळींचे पत्र लिहिण्याची वेळ आली की कारकुनाला हाक मारावी लागते.

घरच्या शिक्षणातून लेखन कसे घडते याचे एक थोर उदाहरण पलूसच्या शेजारीच आहे. आज कडेगाव तालुक्यात असलेल्या देवराष्ट्रे या गावी १८६२ साली रमाबाई रानडे यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला तेव्हा त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानडे यांनी त्यांना घरीच मुळाक्षरांपासून शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. त्यांची बोलणी सोसत रमाबाईंनी मराठी व पुढे इंग्रजीही आत्मसात केली. १९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्रांत त्याला मानाचे स्थान मिळाले. त्या घरात लेखनाचा कोणताही छापील संच नव्हता. नियमाने शिकविणारा एक माणूस होता, वर्तमानपत्रासारखे खरेखुरे काही मोठ्याने वाचून दाखविण्याचा परिपाठ होता आणि केलेल्या कामाकडे लक्ष देणारे कोणीतरी होते. अभ्यासक्रम निवडताना प्रथम या तीन गोष्टी आपल्या घरी आहेत काय, हे पाहावे. त्या नसतील तर महागडा संचही कपाटातच राहतो.

पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडीही या संदर्भात आठवते. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले आणि १९३० साली ‘स्त्री’ मासिक. ज्या स्त्रियांना शाळेची संधी थोडकीच मिळाली होती, त्यांच्या लेखनाला त्यामुळे वाचक लाभला. आपले लिहिणे कोणी तरी वाचणार आहे, ही जाणीव मुलालाही तेवढीच लागते.

आता निवडीविषयी. परदेशात घरी शिकविणाऱ्या पालकांवर शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचा मोठा प्रभाव आहे. लहान मुलाला निबंध लिहावयास बसवू नये. चांगली गोष्ट एकदा वाचून दाखवावी आणि ती त्याच्याच शब्दांत परत सांगावयास लावावी, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतील सुझन वाइज बाउर यांचा ‘राइटिंग विथ ईझ’ हा चार पातळ्यांचा क्रम याच वळणाचा आहे. त्यात उतारा पाहून लिहिणे, ऐकलेले सांगणे व श्रुतलेखन, एवढ्यावरच भर आहे. पद्धत उत्तम आहे, पण तिच्यात आपल्याला अनोळखी असे काय आहे? कित्ता गिरविणे आणि श्रुतलेखन आपल्या आजोबांच्या पिढीने केलेलेच आहे. स्वाध्यायाच्या वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश या पाच प्रकारांतही आधी वाचणे, विचारणे, चिंतन व घोकणे येते; दुसऱ्याला सांगणे सर्वांत शेवटी. तेव्हा पद्धत खुशाल घ्यावी, उतारे मात्र आपले घ्यावेत. श्रेणिक-चेलनेची किंवा शालिभद्राची गोष्ट पाठशाळेत ऐकून आलेल्या मुलाने ती रात्री आजोबांना सांगावी आणि आजोबांनी तिच्यातील दोन वाक्ये त्याच्याकडून लिहवून घ्यावीत. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरात संध्याकाळचा हा अर्धा तास सहज सापडतो.

परदेशी संच मराठीची एक गरज मात्र मुळीच भागवीत नाही, ती म्हणजे शुद्धलेखन. ‘गूळ’ लिहिताना दीर्घ, पण ‘गुळाचा भाव’ लिहिताना ऱ्हस्व. ‘ऊस’ दीर्घ, पण ‘उसाची गाडी’ ऱ्हस्व. ‘पावती’, ‘हुंडी’, ‘लाडू’ या शब्दांचे शेवटचे अक्षर दीर्घ. असे एकेक सूत्र घेऊन आठवडाभर त्याचेच श्रुतलेखन द्यावे आणि त्या आठवड्यात फक्त तीच चूक दुरुस्त करावी. पान लाल शाईने रंगविले की मूल लिहिणे टाळू लागते. इंग्रजी शिकवायची असल्यास ती जरूर शिकवावी, पण वाक्य उभे करण्याची सवय आधी घरच्या भाषेत लागलेली बरी. कोऱ्या जागा भरण्याच्या पुस्तिकांना लेखन म्हणू नये. त्यात वाक्य दुसऱ्याचे असते आणि मुलाचा फक्त एक शब्द.

दहाव्या वर्षानंतर स्वतंत्र लेखन सुरू करताना विषय शोधत दूर जाण्याचे कारण नाही. द्राक्षांच्या या भागात बेदाणा रंगावरून व आकारावरून कसा निवडतात, हे पाहून लिहावे. सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा कसा होतो, ते वडिलांना विचारून लिहावे. माल कमी आल्याची तक्रार खरीखुरी लिहून खरोखरच पाठवावी. अशा पत्रात तारीख, बिलाचा क्रमांक, अपेक्षित माल, आलेला माल व मागणी या गोष्टी क्रमाने याव्या लागतात. हा क्रम सुचणे म्हणजेच निम्मे लेखन. शिकविण्याचा सारा भार मात्र आईवर टाकून वडिलांनी दुकानाचे निमित्त सांगू नये. तक्रारीचे पत्र त्यांच्याइतके चांगले कोण तपासणार?

परीक्षेचा विचारही वेळीच करावा. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यात घरच्या शिक्षणाची वेगळी व्यवस्था सांगितलेली नाही. व्यवहारात पालक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग घेतात. तेथे दहावीच्या परीक्षेला १४ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मराठी हा विषय घेता येतो. राज्य मंडळाची १७ नंबरच्या अर्जाची जुनी वाटही आहे. तिच्या अटी शाळेत विचारून घ्याव्यात. राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत, आणि त्यात पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा व निबंध येतात. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ‘कुमारभारती’ उतरवून घ्यावी आणि मूल बारा वर्षांचे झाले की आठवड्यातून एकदा, घड्याळ समोर ठेवून, त्यातील एक कृती हाताने लिहवून घ्यावी. फोनवर बोटे चालविणाऱ्या मुलाचा हात पहिल्या पंधरा मिनिटांतच दुखू लागतो.