चित्र एका डीव्हीडीचं, आवाज दुसरीचा

आपल्या बहुतेकांच्या घरी कपाटात डीव्हीडींचा एक खोका असतोच. त्यात पाहिलंत तर एकाच सिनेमाच्या दोन-दोन डीव्हीडी सापडतील. एक भारतातून येताना कोणीतरी बॅगेत घालून आणलेली आणि दुसरी इथे जर्मनीत टीव्हीवरून उतरवून ठेवलेली. पहिलीवर हिंदी आवाज खणखणीत, पण चित्र धुरकट. दुसरीवर चित्र लख्ख, पण सगळी पात्रं फाडफाड जर्मन बोलतात. मग हिचं चित्र आणि तिचा आवाज एकत्र करता येईल का, असं आम्हाला पुष्कळ जण विचारतात. हो, येतं. त्याला मोठी विद्या लागत नाही. लागतं ते एक घड्याळ, कागद-पेन्सिल आणि थोडी चिकाटी.

जर्मनीत हा प्रश्न का आला, ते आधी सांगतो. नोव्हेंबर २००४ मध्ये आर टी एल झ्वाय या वाहिनीने 'कभी खुशी कभी गम' दाखवला. कोलोनच्या रॅपिड आय मूव्हीज या कंपनीने हे सिनेमे इथे आणले. सिनेमाला जर्मन नाव दिलं 'इन गूटन वी इन श्वेरेन टागेन', म्हणजे सुखाच्या दिवसांत आणि दुःखाच्याही. इथे लग्नात शपथ घेताना हेच शब्द म्हणतात. संवाद जर्मनमध्ये होते, पण गाणी मात्र हिंदीतच ठेवून खाली जर्मन ओळी दिल्या होत्या. त्यानंतर एकामागून एक सिनेमे आले. जर्मन शेजारणी आम्हाला साडी कशी नेसायची ते विचारू लागल्या. आपल्या नातवंडांनाही हे सिनेमे जर्मनमधूनच कळले. ते ठीकच झालं, पण आजी-आजोबांचं काय?

हा नुसत्या हौसेचा विषय नाही. आम्ही सारा जन्म परिचारिकेचं काम केलं, त्यातली शेवटची वर्षं वृद्धाश्रमात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि लहानपणची मागे उरते. अलिबागकडच्या एक आजी आमच्या पाहण्यात होत्या. चाळीस वर्षं उत्तम जर्मन बोलल्या, पण शेवटी 'पाणी हवं का' हे जर्मनमध्ये विचारलं तर नुसत्या बघत राहायच्या. दुपारी दिवाणखान्यात जर्मन बोलणारा हिंदी सिनेमा लागला की त्या तोंड फिरवायच्या. त्यांच्या नातवाने मूळ आवाज जोडलेला सिनेमा आणून कानाला हेडफोन लावले, तेव्हा त्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. औषध म्हणून आम्ही हे सांगत नाही, आजार काही त्याने बरा होत नाही. पण तो तास त्यांचा चांगला गेला आणि त्या रात्री त्या नीट जेवल्या. शिवाय काही आवाजांना बदली नसतेच. आपल्याच समाजातले डेव्हिड अब्राहम चेऊलकर, 'बूट पॉलिश' (१९५४) मधले जॉन चाचा, यांचा आवाज दुसऱ्या कोणाच्या गळ्यातून कसा यावा?

आधी पाहा, सिनेमा एकच आहे ना?

सगळ्यात आधी डीव्हीडीचा मेनू नीट बघा. जर्मन मेनूत 'श्प्राखे' म्हणजे भाषा. विकत घेतलेल्या कित्येक डीव्हीडींवर मूळ हिंदी आवाज तिथेच असतो, मग काहीच करायला नको.

दुसरं म्हणजे दोन्हींवरचं चित्र खरोखर एकच हवं. जुन्या सिनेमांच्या बाबतीत इथे गंमत होते. पुण्याची प्रभात कंपनी एकच कथा मराठीत आणि हिंदीत दोनदा चित्रित करायची. 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठीत आणि हिंदीत, 'कुंकू' (१९३७) हिंदीत 'दुनिया न माने', 'माणूस' (१९३९) हिंदीत 'आदमी'. 'शेजारी' (१९४१) मध्ये केशवराव दाते आणि गजानन जागीरदार होते, तर हिंदी 'पडोसी'त जागीरदारांबरोबर मझहर खान. म्हणजे नटसुद्धा वेगळा! 'दुनिया न माने'च्या चित्रावर 'कुंकू'चा मराठी आवाज बसवायला जाल तर ओठ एक बोलतील आणि कान दुसरंच ऐकतील. ते दोन वेगळे सिनेमेच आहेत. याच प्रभातचा 'सैरंध्री' १९३३ मध्ये रंगांच्या प्रक्रियेसाठी इथे जर्मनीत आणला होता. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण मराठी सिनेमाचं आणि जर्मनीचं नातं इतकं जुनं आहे.

आवाज मागे-पुढे का होतो?

मुलांनो, हे तुमच्यासाठी. सिनेमा म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं. थिएटरात ती सेकंदाला २४ असतात. जर्मनी, इस्राएल आणि भारत इथली जुनी टीव्ही पद्धत, म्हणजे पाल, सेकंदाला २५ चित्रं दाखवायची. म्हणून सिनेमा थोडा पळवूनच दाखवत. एका तासाचा भाग ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. साडेतीन तासांचा 'कभी खुशी कभी गम' असा आठ मिनिटांहून जास्त आखडतो. आवाजही पळतो आणि पळताना चढतो. पांढरी एकमधलं गाणं जवळजवळ काळी एकपर्यंत जातं. गाणाऱ्या माणसाच्या कानाला ते लगेच टोचतं.

भारतातून आलेल्या हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी मात्र बहुधा एन टी एस सी या अमेरिकन पद्धतीच्या असत, म्हणजे त्या जगभर विकता येत. त्यांचा मूळ वेग सेकंदाला २३.९७६ चित्रं. म्हणून दोन्ही डीव्हीडी एकाच क्षणी चालू केल्या तरी दर मिनिटाला जवळजवळ अडीच सेकंदांचा फरक पडत जातो.

एवढासा फरक कळतो का? कळतो. आवाज चित्राच्या पुढे गेला तर सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाइतकाही कळतो. मागे पडला तर साधारण आठव्या भागापर्यंत आपण चालवून घेतो. कारण निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो. आमच्या कोकणात खाडीच्या पलीकडे कोणी कपडे आपटत असलं की आधी हात खाली आलेला दिसायचा आणि मग 'धप्प' ऐकू यायचं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, प्रकाश क्षणात पोहोचतो. आपले कान आवाजाने उशीर करायला सरावलेले आहेत, घाई करायला नाही.

तापाचा तक्ता

आता निदान. आम्ही वॉर्डात तापाचा तक्ता ठेवायचो, तसाच इथे ठेवायचा. सिनेमात अशा तीन जागा शोधा जिथे चित्र आणि आवाज एकाच क्षणी येतात. दार आपटलं, थप्पड बसली, काच फुटली. एक जागा सुरुवातीला, एक मध्ये, एक शेवटी. दोन्ही डीव्हीडींवर ती वेळ किती दिसते ते लिहा आणि फरक काढा.

फरक तिन्ही ठिकाणी सारखाच आला, समजा चार सेकंद, तर फक्त सुरुवात वेगळी आहे. एकीवर कंपनीच्या बोधचिन्हाला जास्त वेळ दिलेला असेल. आवाज तेवढा सरकवला की काम झालं.

फरक सारख्या मापाने वाढत गेला, तर दोष वेगाचा. वर सांगितलेली पाल आणि एन टी एस सीची भानगड.

फरक मध्येच एकदम उडी मारतो, तर तिथे काहीतरी कापलेलं किंवा जोडलेलं आहे. टीव्हीवरून उतरवलेल्या डीव्हीडीत जाहिराती असतात. मध्यंतराची पाटी एकीवर असते, दुसरीवर नसते. कधी एखादं गाणंच गाळलेलं असतं. मग उडी नेमकी कुठे आहे ते शोधून तेवढा तुकडा काढावा लागतो. गाळलेलं चित्र मात्र कुठूनही येणार नाही. तेवढ्यापुरतं धुरकट चित्र चालवून घ्यावं.

बहुतेक घरी तिन्ही दोष एकत्र सापडतात. उपचाराचा क्रम मग असा ठेवा: आधी तुकडे कापा, मग वेग जुळवा, शेवटी सरकवा. क्रम उलटा केलात तर पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्यक्ष काम

यासाठी दोन प्रोग्रॅम फुकट मिळतात. आवाज कापायला आणि त्याचा वेग बदलायला 'ऑडॅसिटी', आणि शेवटी चित्र व आवाज एका फाइलीत बांधायला 'एम के व्ही टूलनिक्स'. हे नातवंडांवर सोपवा, त्यांची बोटं झरझर चालतात.

एक गोष्ट मात्र वडीलधाऱ्यांनी बजावून सांगा. हिंदी आवाजाला हात लावायचा नाही. तो मूळ वेगाचा आहे, गाणी खऱ्या सुरात आहेत. धीमं करायचं ते जर्मन डीव्हीडीचं चित्र, २५ वरून २३.९७६ वर. टूलनिक्समध्ये चित्राचा वेग लिहायला जागा असते. जर्मन आवाजही त्याच फाइलीत ठेवायचा असेल, आणि मुलांसाठी ठेवावाच, तर तो ऑडॅसिटीत ४.१ टक्के धीमा करा. त्याचाही चढलेला सूर खाली येईल. इथे 'वेग' बदलायचा, नुसती 'लय' नव्हे, कारण लय बदलली तर सूर चढलेलाच राहतो.

आणि ४.१ म्हणजे ४.१, नुसते ४ नाहीत. औषधाच्या मात्रेत दशांश चिन्ह किती महत्त्वाचं ते नर्सला विचारा! २४ आणि २३.९७६ मधला फरक हजारात एक. पण साडेतीन तासांच्या सिनेमाच्या शेवटी त्याचे साडेबारा सेकंद होतात. बाप रडून थांबलेला असेल आणि मुलगा अजून 'पप्पा' म्हणायचा असेल.

कायद्याचंही सांगून ठेवतो. टीव्हीवरून स्वतःसाठी उतरवलेला सिनेमा घरात असा जोडायला इथे हरकत नाही. पण १३ सप्टेंबर २००३ पासून जर्मनीत डीव्हीडीचं कुलूप, म्हणजे कॉपी-संरक्षण, तोडायला मनाई आहे, अगदी घरच्या वापरासाठीही. विकत घेतलेल्या बहुतेक डीव्हीडींना ते कुलूप असतं, म्हणून आधी खात्री करा. कुलूप असेल तर साधा मार्ग असा: दोन प्लेअर घ्या, एकाचं चित्र टीव्हीवर आवाज बंद करून, दुसऱ्याचा आवाज हेडफोनवर. दोन्ही डीव्हीडी एकाच पद्धतीच्या असतील तर हे छान चालतं. वेगळ्या असतील तर एका गाण्यापुरतंही धड जमणार नाही.

मोठी माणसं हेच करतात

हा घरगुती उद्योग वाटेल, पण संग्रहालयातले जाणकार याच वाटेने जातात. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' १९२७ मध्ये बर्लिनला दाखवला आणि लगेच कापला गेला. कापलेला भाग नाहीसा झाला. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सला जवळजवळ पूर्ण प्रत सापडली, पण ओरखड्यांनी भरलेली. गोटफ्रीड हुप्पर्ट्झने लिहिलेल्या संगीताची वही मात्र शाबूत होती. कुठल्या दृश्याला कोणता सूर, याच्या हजारभर खुणा त्यात होत्या. सिनेमा मूक, तरी संगीताने चित्रांचा क्रम सांगितला. चांगली चित्रं एका प्रतीतून, हरवलेली दुसरीतून, असं करून २०१० मध्ये तो पुन्हा दाखवला गेला.

याच्या उलट 'आलम आरा'. १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागलेला भारतातला पहिला बोलपट, आपल्या बेने इस्राएल समाजातल्या जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून केलेला. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. जोडायला ना चित्र, ना आवाज.

म्हणून मुलांनो, एक काम सांगतो. टूलनिक्सच्या फाइलीत दोनच नव्हे, कितीही आवाज बसतात. जर्मनीत अंध प्रेक्षकांसाठी 'ह्योरफिल्म' असतात, त्यात पडद्यावर काय चाललंय ते कोणीतरी सांगत असतं. २००२ पासून त्यांना बक्षिसंही देतात. तसाच तिसरा आवाज तुमच्या आजीचा घाला. सिनेमा लावा, तिच्यापुढे माइक ठेवा आणि तिला मराठीत सांगू द्या: हा कोण, ही कोणाची सून, हा सिनेमा तिने कुठल्या थिएटरात किती आण्यांत पाहिला. ती मध्येच थांबेल, हसेल, 'अगं बाई, ही तर मेलीच की' म्हणेल. काहीही कापू नका. फाइलीवर तिचं नाव आणि तारीख लिहा, दोन प्रती काढा आणि एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवा.