बायोडिझेल : दर आणि उपलब्धता

पॅरिस येथील १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालणारे डिझेल इंजिन दाखविण्यात आले होते. तरीही वनस्पतिजन्य इंधन मोटारमालकास आजही सहजासहजी मिळत नाही. याचे कारण मुख्यतः आर्थिक आहे.

तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून बायोडिझेल बनते. शंभर किलो तेलापासून जवळजवळ तितकेच इंधन मिळत असल्याने त्याचा दर प्रामुख्याने तेलाच्या भावावर अवलंबून असतो. खाद्यतेल आयात करणाऱ्या आपल्या देशास ते इंधनाकडे वळविणे परवडणारे नाही. म्हणून मोगली एरंडाच्या लागवडीस उत्तेजन देण्यात आले. २००५ च्या धोरणानुसार बायोडिझेलचा खरेदीदर लिटरला २५ रुपये ठरला. परंतु पडीक जमिनीत बियांचे अपेक्षित उत्पन्न आले नाही आणि त्या दरात उत्पादकाचा खर्चही निघेना. २०१९ मध्ये तेल कंपन्यांनी तळणाच्या वापरलेल्या तेलापासून बनविलेल्या बायोडिझेलसाठी ५१ रुपये दर देऊ केला. २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के मिश्रणाचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे.

शुद्ध बायोडिझेलमुळे जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या खराब होऊ शकतात. यास्तव मोटारमालकाने स्वस्ताईला न भुलता ‘आयएस १५६०७’ या मानकाची व वाहन उत्पादकाच्या संमतीची खात्री करून घेणे हिताचे होय.